पाच साचे, सूनबाईसाठी

३ मार्च, सोमवार

होडीवाल्याने आज माझ्या तीन फसव्या परत आणून दिल्या. एक्केचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फसवी म्हणजे गळाला लावायची लाकडी मासोळी. पाण्यातून ओढली की ती खऱ्यासारखी वळवळत पोहते, मोठा मासा तिला खायला येतो आणि फसतो, म्हणून फसवी. तळ्यावर हा शब्द मीच रुळवला. टेलिफोन खात्यात लाइनमन होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी करायचो, निवृत्त झाल्यावर मागच्या शेडमध्ये मुक्कामच ठोकला. पट्टी नाही, गुण्या नाही, साचा नाही. सगळं डोळ्यांनी आणि डाव्या हातानं. मी डावखुरा. सोप्या कामाला लोक 'डाव्या हाताचा मळ' म्हणतात, माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

होडीवाला आणि मी शाळेत एका बाकावर बसलो, त्यामुळे तो माझ्याशी गोड बोलत नाही. "अरे, तुझ्या मासोळ्या कुशीवर पोहतायत," म्हणाला. "जेवण जास्त झाल्यासारख्या."

मी म्हटलं, पाण्याला ओढ असेल.

"तळ्याला कसली आलीय ओढ?"

आमची ही दारात उभी राहून ऐकत होती. "नाचता येईना, अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," ही म्हणाली. "तळं वाकडं आजच ऐकलं."

तरी होडीवाल्याने कामही मलाच दिलं. सहा एप्रिलला तळ्यावर गळाची स्पर्धा आहे. दर वर्षी हरणारा म्हणतो, त्याची फसवी चांगली होती, माझी नव्हती. म्हणून या वर्षी चोवीस जणांना एकाच मापाच्या, एकाच चालीच्या चोवीस फसव्या द्यायच्या. मी जागच्या जागी हो म्हटलं. तो गेल्यावर मनाशी ठरवलं: या चोवीस सरळ पोहल्या नाहीत, तर चाकू कायमचा ठेवायचा. शेड रिकामी करून द्यायची. आमच्या चिरंजीवांचा तिच्यावर डोळा आहेच. त्यांना तिथे व्यायामाची सायकल ठेवायची आहे, जिच्यावर सध्या टॉवेल वाळतात.

आज पेन धड चालत नाही. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं येतंय. नवीन पेन आणलं पाहिजे.

५ मार्च, बुधवार

लाकूड खराब निघालं. तीन तुकडे वाया गेले. फसवीच्या हनुवटीखाली प्लास्टिकची छोटी जीभ बसवावी लागते, तिच्यामुळेच ती पाण्यात खाली जाते आणि वळवळते. जिभेची खाच जरा तिरपी गेली की मासोळी कुशीवर पडते. आज तिन्ही खाचा तिरप्या. उजेडही बरोबर नव्हता.

हिला सांगितलं तर म्हणाली, "जीभ नीट बसवता येत नाही, आवरता येत नाही. मग करायचं तरी काय त्या जिभेचं?"

अलीकडे ही चहासुद्धा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणते, परत मागा, परत देईन. म्हातारपणी माणूस कंजूष होतो म्हणतात ते खोटं नाही.

८ मार्च, शनिवार

आज नवलच झालं. सूनबाई शेडमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, मला फसवी करायला शिकवा."

सूनबाई दातांच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिथे कवळ्या तयार होतात, माझीही तिथलीच. ती तिथे नक्की काय करते ते मी कधी विचारलं नाही. बहुधा कवळ्या पाकिटात भरत असावी. सहा वर्षांत तिनं माझ्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. म्हटलं, आधी हात बघू. लाकडाच्या तुकड्यावर चार खुणा केल्या आणि ड्रिल हातात दिलं.

अरेरे! चारही भोकं वाकडी. गंमत म्हणजे चारही एकाच बाजूला, एकाच कोनात वाकडी. वाकडेपणात एवढं सातत्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"माझा हात फार हलतो हो बाबा," पोर खाली मान घालून म्हणाली. "लॅबमध्ये आम्ही साचे वापरतो. तसं काही करता येईल का?"

साच्यांबद्दल माझं मत जगजाहीर आहे, ते तिलाही ऐकवलं. साचा म्हणजे आंधळ्याची काठी. डोळसाला ती कशाला?

"मग मी आंधळी असं समजा ना."

एवढ्या तरुण वयात हात हलतो. पाकिटं भरायला ठेवलंय ते उगाच नाही. चिरंजीवांना सांगून तिला डॉक्टरला दाखवायला हवं. ही म्हणते, "हात हलणाऱ्या माणसाला दाखवायलाच हवं डॉक्टरला," आणि माझ्याकडे बघत राहते. मी काय करणार? नवऱ्यानं न्यावं तिला.

९ मार्च, रविवार

साचा क्रमांक एक झाला. खाचेचा. तीन फळ्यांची पन्हळ केली, तिच्या दोन्ही भिंतींना हव्या त्या कोनात चिरा दिल्या. लाकडाचा चौकोनी तुकडा पन्हळीत ठेवायचा, करवत चिरेत घालायची आणि ओढायची. करवतीला इकडेतिकडे बघायची सोयच नाही. अट एकच: आकार देण्याआधी, लाकूड चौकोनी असतानाच खाच पाडायची. मी आजवर आकार दिल्यावर पाडत आलो.

पन्हळ धरायला मूठ लावत होतो, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, करवत डाव्या हातात येईल अशी मूठ लावा."

"तू उजवी ना?"

"उजवा हात लॅबमध्ये दिवसभर राबतो. घरी त्याला सुट्टी."

पाकिटं भरून हात दमतो म्हणजे काय म्हणायचं! पण लावली तशी. मला काय, उलट सोपंच. साच्याच्या तळाला पेन्सिलनं लिहिलं: 'साचा क्र. १. सूनबाईसाठी.' म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हा मी स्वतःसाठी केला.

१२ मार्च, बुधवार

साचा क्रमांक दोन, भोकाचा. कडक लाकडाच्या ठोकळ्यात लोखंडी नळीचा तुकडा बसवला. ड्रिलचं पातं नळीतून जातं ते नाकातून शिरून सरळ शेपटीतून बाहेर येतं. मूठ पुन्हा त्याच बाजूला. तळाला नाव लिहिलं.

सूनबाईची एक खोड लक्षात आली. स्वतः करायला घाबरते. "परत एकदा दाखवा ना बाबा," म्हणते आणि हात मागे बांधून उभी राहते. मी दाखवतो. शिकवणाऱ्यानं कंटाळून कसं चालेल? आज चार वेळा दाखवलं. ते चार तुकडे तिच्या पेटीत टाकले. माझी पेटी वेगळी. स्पर्धेला माझ्या पेटीतल्याच जाणार, हाताच्या.

१५ मार्च, शनिवार

तारेचा साचा. फसवीच्या पोटातून एक तार आरपार जाते, दोन्ही टोकांना तिचे फासे वळवायचे. मी जन्मभर पक्कड आणि नजर यांच्यावर काम भागवलं. या साच्यात फळीवर पाच चुका ठोकल्या, बारीक खिळे. तार त्यांच्याभोवती फिरवली की फासे आपोआप एकसारखे.

सूनबाई म्हणाली, "म्हणजे चुका योग्य जागी असल्या की सगळं नीट वळतं."

"चुका कुणाच्या आहेत त्यावर आहे," ही मागून म्हणाली. "या सगळ्या यांच्याच."

दोघी पोट धरून हसल्या. सासू-सुनेचं एवढं मेतकूट मला बरं वाटत नाही. काहीतरी शिजतंय.

नवीन पेन आणलं. अक्षराला फरक नाही. हल्ली पेनंसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

साचा क्रमांक चार सगळ्यात मोठा. याला आम्ही पाळणा म्हणतो. फसवी नाकाशेपटीच्या दोन टोकांवर आडवी अडकते, गोल फिरवता येते. मग दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. समोर मनगट टेकायला उंचवटा. तो सूनबाईनं मुद्दाम मागितला.

उंचवट्याला गादी हिनं शिवली, जुन्या उशीचा कापूस भरून. माप घ्यायला मनगट हवं. सूनबाई कामावर गेलेली, म्हणून हिनं माझंच मोजलं. मी म्हटलं, अगं, तिचं मनगट माझ्या निम्मं असेल. तर म्हणते, "सैल बसलं तर बसू दे. हालचालीला बरं."

संध्याकाळी तीन वेळा करून दाखवलं. गादीवर मनगट टेकलं की कानस लोण्यावरून गेल्यासारखी चालते. सूनबाईला चांगलाच उपयोग होईल, जर ती कधी कानशीला हात लावेल तर.

२२ मार्च, शनिवार

हिशेब: माझ्या पेटीत सहा, त्यांतल्या बऱ्या दोन. सूनबाईच्या पेटीत पंधरा.

होडीवाला बघायला आला. दोन्ही पेट्या धक्क्यावर नेल्या. सूनबाईलाही यायचं होतं, आली. होडीवाल्यानं एकेक दोरीला बांधून पाण्यातून ओढून पाहिली. त्या पंधरा अशा गेल्या की तोही दोन मिनिटं गप्प झाला, आणि तो गप्प झालेला मी शाळेत तोंडी परीक्षेलाच पाहिला होता.

"या तुझ्या नेहमीच्या," तो त्या पंधरांकडे बघून म्हणाला आणि मग माझ्या पेटीकडे बोट केलं. "आणि या कुणाच्या? सूनबाईनं शिकायला घेतलंय म्हणे, तिच्या का? चांगला प्रयत्न आहे हो पोरी, पण घाई करू नकोस."

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. सूनबाई लगेच म्हणाली, "हो काका, माझ्याच. हात हलतो ना."

माझी लाज तिनं स्वतःच्या पदरात घेतली. होडीवाल्याची नजर आता पूर्वीची राहिलेली नाही, त्याला चष्मा लागलाय. पण घरी येईपर्यंत माझ्याशी मलाच बोलवेना.

२४ मार्च, सोमवार

ईर्षेनं बसलो. साच्याशिवाय, पक्कड आणि नजर घेऊन. तार काही केल्या वळेना, पक्कड सटकायला लागली. शेवटी लाइनमनची जुनी सवय वर आली. तीस वर्षं तारेची सालं दातांनीच काढली, म्हणून तर कवळी लागली. तारेचं टोक दातात धरलं आणि जोर लावला.

कट्. तार शाबूत. कवळीचे दोन तुकडे.

ही म्हणाली, "तरी बरं, घरचाच दवाखाना आहे. उद्या तिच्या लॅबवर जा." मी काहीतरी बोललो, ते दात नसल्यामुळे कुणाला कळलं नाही. चांगलं नव्हतंच.

२५ मार्च, मंगळवार

लॅबवर गेलो. हे लिहू की नको, असा विचार करून लिहितोय.

आत गेलं की एक काउंटर, त्याच्या मागे काचेची भिंत. काचेपलीकडे लांब टेबल आणि दिव्याखाली सूनबाई बसलेली. पाकिटं कुठेच नव्हती. डाव्या चिमटीत मेणाचा एक दात, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. उजव्या हातात चिमुकली सुरी. कोपर अधांतरी, मनगट अधांतरी. दातावरची बारीक रेघ ती अशी कोरत होती, जशी मी वयाच्या चाळिसाव्या वर्षी कोरायचो. हात तसूभरही हलत नव्हता.

काउंटरवरच्या माणसानं माझे तुकडे बघितले. "ही मॅडमनीच केलेली आहे की. समोरचे दात आमच्याकडे फक्त त्याच करतात. असा हात शोधून सापडायचा नाही, काका. तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.

बसमध्ये सगळं एकेक करून आठवायला लागलं. एकाच कोनातली चार वाकडी भोकं. डाव्या हाताच्या सोयीची मूठ. माझ्या मनगटाचं माप. "परत एकदा दाखवा ना बाबा," पंधरा वेळा. तिच्या पेटीतली एकही फसवी तिनं केलेली नाही.

एक्केचाळीस वर्षं फसव्या करणारा माणूस स्वतःच्या घरात गळाला लागला.

२६ मार्च, बुधवार

शेडमध्ये गेलो नाही. कवळी दुरुस्तीला आहे, त्यामुळे अबोला धरायला वेगळे कष्ट पडले नाहीत. चिरंजीवांनी टेप आणून शेडची लांबी मोजली. मोजू देत. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

२७ मार्च, गुरुवार

आजही गेलो नाही. दुपारी हिनं चहा आणला, अर्धा कप. मी म्हटलं, आज भरून पाहिजे.

हिनं काठोकाठ भरून आणला. मी उचलला. निम्मा बशीत गेला, थोडा या वहीवर. वरच्या पानावरचा डाग तोच.

"दोन वर्षं झाली अर्धा देतेय," ही म्हणाली. "तुम्ही मला कंजूष म्हणालात. म्हटलं, म्हणू दे."

"तुम्हा दोघींनी मिळून मला बनवलं."

"बनवलं. सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी चाकू ठेवला असता आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात चुका काढत बसला असता. मला काय तो धाक कमी होता?"

"ती भोकं मुद्दाम वाकडी पाडली तिनं?"

आता मात्र हिला हसू आवरेना. "आदल्या दिवशी इथेच ओट्यावर सराव करत होती. वाकडं पाडायला जमेचना हो तिला! एक तास घालवला. शेवटी म्हणाली, आई, वाकडं पाडायला पण साचाच लागणार."

मलाही हसू आलं. दात नव्हते तरी हसलो. मग एकदम रडू आलं, तेही लिहून टाकतो. लाकूड खराब नव्हतं, उजेड बरोबर होता, तळ्याला ओढ नाही. माझा हात हलतो. गेली दोन वर्षं मला त्याची भीती वाटते आणि मी ती पेनावर ढकलत होतो. या हाताखेरीज माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून भीती वाटते.

हिनं बशीतला चहा परत कपात ओतला आणि म्हणाली, "घ्या. आता बरोबर अर्धा झाला."

२९ मार्च, शनिवार

कवळी आली. सूनबाईनंच दुरुस्त करून आणली आणि हातात देताना म्हणाली, "तार खायची नाही, बाबा." कवळी बसवली. जोड कुठे आहे ते जिभेला सापडत नाही.

मी शेड उघडली. ती आली आणि सवयीप्रमाणे हात मागे बांधून उभी राहिली. ती बघायला लागली माझ्याकडे, मी साच्यांकडे. लॅबवर मला काचेतून तिनंही पाहिलं असेल का, हे मला माहीत नाही. तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग मी म्हटलं, "नऊ व्हायच्या आहेत अजून. आणि सगळ्यांचे डोळे राहिलेत. एक डोळ्यांचा साचा करू या का? तुझा हात हलतो ना."

"हो बाबा," म्हणाली, "फार हलतो."

"मग मूठ डावीकडेच ठेवतो."

"डावीकडेच बरी," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उगाचच कानशी नीट लावायला लागली. कानशी नीटच होत्या.

साचा क्रमांक पाच असा: पत्र्याच्या पट्टीला भोक, खाली गादी, वर मुठीच्या टोकाला बसवलेला मोठ्या डोक्याचा खिळा. खिळ्याचं डोकं रंगात बुडवायचं, भोकावर आणून टेकवायचं. गोल डोळा. आधी मी बारीक कुंचल्यानं काढायचो, तेव्हा अलीकडच्या काही मासोळ्या डोळा मारल्यासारख्या दिसायच्या. तळ्यावरचे लोक ती माझी कला समजायचे.

४ एप्रिल, शुक्रवार

चोवीस पूर्ण. त्या पंधराही मोजल्या, त्या माझ्याच आहेत. माझ्या पेटीतल्या सहापैकी चार चुलीत घालण्याच्या लायकीच्या होत्या, पण हिनं त्या मागून घेतल्या. म्हणते, कपाटाच्या दारांना मुठी होतील. कुशीवरच पडायचं असेल तर तिथे पडू दे.

वार्निश सुकवायला मोडक्या मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवणारी मोटर एका चाकाला लावली. चोवीस फसव्या हळूहळू वरखाली फिरत होत्या, आकाशपाळण्यात बसल्यासारख्या. आम्ही चौघंही खुर्च्या घेऊन बघत बसलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सायकल हॉलमध्येच ठेवीन म्हणतो." हिनं विचारलं, "म्हणजे टॉवेलांचं कसं?"

६ एप्रिल, रविवार

स्पर्धा झाली. चोवीस जणांना चोवीस फसव्या, सगळ्या सरळ पोहल्या. एकही कुशीवर नाही. मी धक्क्यावर उभा राहून एकेक मोजली.

होडीवाल्याचा डाव मात्र उलटला. या वर्षी कुणालाच फसवीला दोष देता येईना, त्यामुळे तेवीस हरलेली माणसं तोंड पाडून बसली. शेवटी एकानं विचार करून पाण्याला ओढ असल्याचं सांगितलं. होडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.

बक्षीस देताना तो म्हणाला की सगळ्या फसव्या माझ्या हातच्या आहेत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून सांगितलं की हात माझा, पण हाताखाली साचे आहेत, पाच. चारचौघांत एवढं बोलायला वेळ लागला. एकानं विचारलं, साचे कुणी केले? मी म्हटलं, ते जरा गुंतागुंतीचं आहे. सूनबाई शेवटच्या रांगेत होती. पर्समध्ये काहीतरी शोधत होती, बराच वेळ.

परत येताना होडीवाला माझ्या कानाशी म्हणाला, "आणि धक्क्यावरच्या त्या दुसऱ्या पेटीतल्या? त्या तुझ्या होत्या ना रे?"

"तुला कसं कळलं?"

"एक्केचाळीस वर्षं तुझ्या मासोळ्या ओढतोय. तेव्हाच कळलं होतं." म्हणजे त्याची नजर ठीक आहे.

७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरची वेळ उद्याची घेतली आहे. सूनबाई बरोबर येणार. "माझाही हात दाखवून घेईन," म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

दुपारी शेड झाडली. साचे पुसून फळीवर मांडायला घेतले. पाचव्याच्या तळाला नाव घालायचं राहून गेलं होतं, म्हणून तो उलटा केला. तर तिथे आधीच लिहिलेलं होतं. बारीक, ठसठशीत, दातावरच्या रेघेसारखं कोरीव अक्षर: 'साचा क्र. ५. सूनबाईसाठी.' मला कळलंय हे तिला कळलेलं असतानाही तिनं ते तसंच लिहिलं. माझी अब्रू तिनं शेवटपर्यंत जपली.

मी बाकीचे चारही उलटे करून ओळीनं ठेवले. पाचही ठिकाणी 'साठी'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कडून'.

अक्षर पाचही ठिकाणी हललं आहे. पेन चांगलं आहे.